एलडीएच १८४०

जठराच्या कर्करोगाचा नवा पेशंट, केमोआधीच्या तपासण्या, आणि एलडीएच (लॅक्टेट डीहायड्रोजनेज हे पेशींतलं एन्झाइम) १८४०. आमच्या लॅबची वरची मर्यादा २२५. जठराच्या कर्करोगात उपचारापूर्वीच सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) हे एन्झाइम वाढलेलं असेल तर पुढचा काळ सहसा अवघड जातो. गाठीच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करत राहतात, त्यासाठी एलडीएच लागतं, आणि पेशी मरू लागल्या की ते रक्तात उतरतं. म्हणून यकृतात पसरल्याची शंका आलीच. पण सीटीत यकृत स्वच्छ होतं.

आधी नमुना तपासला. तो कळवणहून वणी-दिंडोरी मार्गे, एप्रिलच्या उन्हात नाशिकला आला होता. तांबड्या पेशींत सीरमच्या शंभरपटीहून जास्त एलडीएच असतं. बारीक सुईने जोरात ओढलेलं रक्त, गदागदा हललेली ट्यूब, एवढ्यानेही पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी दिसण्याआधीच आकडा चढतो. दुसरा नमुना इथेच घेतला. दंडावरचा पट्टा (टूर्निकेट) मिनिटाच्या आत सोडला, रक्त ३० मिनिटं गोठू दिलं, १० मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम लगेच वेगळं काढलं. फ्रीजमध्ये ठेवलं नाही, कारण एलडीएच-४ आणि ५ हे त्याचे दोन प्रकार थंडीत निकामी होतात. कलेक्शन सेंटरवर नमुना सवयीने थंड केला जातो आणि खरं वाढलेलं एलडीएच कमी दिसतं, हे फार वाईट.

उत्तर आलं १७९०. हिमोलिसिस इंडेक्स (नमुन्यात तांबड्या पेशी किती फुटल्या याचं माप) आणि पेशी फुटल्या की वाढणारं पोटॅशियम, दोन्ही ठीक. म्हणजे वाढ खरीच होती.

सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) हिमोग्लोबिन ६.८, एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान ११६. गाठीतून रक्त झिरपत राहिलं तर लोह कमी होऊन पेशी लहान व्हायला हव्यात, इथे त्या मोठ्या. स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांना सहा-सहा पाळ्या. तांबड्या पेशी मोडल्या की वाढणारं इनडायरेक्ट बिलिरुबिन थोडं वर. बी१२ शंभराच्याही खाली! बी१२ नसलं की हाडांतल्या मज्जेत तांबड्या पेशी घडता घडताच मरतात आणि एलडीएच हजारांत जातं. जठराचं अस्तर झिजलं की बी१२ शोषायला लागणारं इंट्रिन्सिक फॅक्टर हे प्रथिन बनत नाही, म्हणून बी१२ शोषलं जात नाही. अशाच झिजलेल्या अस्तरात कर्करोगाचा धोकाही वाढतो. त्यामुळे कर्करोग आणि बी१२ची कमतरता ही जोडगोळी जठराच्या पेशंटमध्ये मुद्दाम शोधावी.

बी१२ची इंजेक्शनं सुरू झाली. सुरुवातीला पोटॅशियम घसरू शकतं, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. दहाव्या दिवशी एलडीएच ३१०.

मुलगा जुना रिपोर्ट घेऊन आला. "मॅडम, बाबांचं आधी साडेचारशे होतं तेव्हा नॉर्मल लिहिलंय. आता तीनशे दहा जास्त कसं?" त्या रिपोर्टवर मर्यादा २३० ते ४६० होती. एलडीएच मोजण्याची तिथली पद्धत पायरुवेटपासून (ग्लुकोज मोडून बनणाऱ्या पदार्थापासून) लॅक्टेटकडे जाणारी, आमची उलट दिशेची. पहिलीत आकडा जवळपास दुप्पट येतो. दोन लॅबचे एलडीएच एका ओळीत लावायचे असतील तर प्रत्येक आकडा त्याच्या वरच्या मर्यादेने भागावा: ४५० भागिले ४६० म्हणजे ०.९८, ३१० भागिले २२५ म्हणजे १.३८. डॉक्टरांकडे गेलेल्या रिपोर्टवर आम्ही हा भागाकार आणि बी१२ सुरू केल्याची तारीख लिहून दिली. केमोपूर्वीचा आकडा म्हणून १८४० नव्हे, ३१० धरायचा, आणि तोही मज्जा पूर्ण सावरल्यावर पुन्हा तपासायचा.