वीस फुटी नाक आणि साबणाचा चुरा

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत माझ्याकडे आठ ते दहा वर्षांची नऊ पोरं आहेत. फेब्रुवारीत अमेरिकेत प्रेसिडेंट्स डे (राष्ट्राध्यक्षांच्या नावाची सुट्टी) येतो म्हणून यावेळी म्हटलं माउंट रशमोर, म्हणजे चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर, मराठीतून शिकवूया. फोटो सगळ्यांनी बघितलेला, नावंही पटापट सांगितली, वॉशिंग्टन, जेफरसन, रूझवेल्ट, लिंकन (रूझवेल्टला एकाने "चष्मेवाले काका" केलं, चालतंय). मग मी साउथ डकोटा, १९२७ ते १९४१, शिल्पकार गटझन बोर्गलम असं वाचायला लागले आणि दोन मिनिटांत जांभया सुरू.

कागद ठेवला बाजूला, खडू आणि टेप घेऊन सगळ्यांना पार्किंग लॉटमध्ये नेलं. टेक्ससमध्ये आहोत, फेब्रुवारीत एवढं जमतं. एकेक चेहरा ६० फुटांचा, नाक साधारण २० फूट, तेवढं मोजून नाक काढलं आणि पोरांना त्यावर झोपवलं, डोक्याला पाय लावून पाच जण झोपले तेव्हा कुठे एक नाक भरलं. बोर्गलमच्या मॉडेलवरचा १ इंच म्हणजे डोंगरावरचा १ फूट, त्यामुळे बाराचा पाढाही मराठीतून म्हणून घेतला, कुरकुर न करता म्हटला हे विशेष.

आत येऊन प्रत्येकाला एक साबण आणि प्लास्टिकचा चमचा दिला, कोरा म्हटलं. कोरताना मी सांगत होते की ९० टक्के दगड सुरुंगाने उडवलाय, सुमारे ४०० लोक कामाला होते आणि कोरताना एकही जण दगावला नाही. सुरुंग हा शब्द इतका आवडला की पुढचा अर्धा तास दुसरं काही ऐकूच आलं नाही. एका पोराच्या साबणाचं नाक तुटलं, तो रडायच्या बेतात, तेव्हा त्याला जेफरसनची गोष्ट सांगितली. जेफरसन आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला कोरत होते, तिथला दगड खराब निघाला, मग १९३४ मध्ये तो चेहराच सुरुंगाने उडवून या बाजूला नव्याने सुरुवात केली. पोराने लगेच साबण उलटा केला.

आणि मग एक मुलगी म्हणाली, "मावशी, पण तो माउंटन आधी कुणाचा होता?"

खरं सांगते, हा भाग मी पुढच्या रविवारवर ढकलणार होते. पण विचारलंच आहे तर सांगितलं, लाकोटा लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, ते त्याला सहा आजोबा म्हणायचे. १८६८ च्या तहात सरकारने ब्लॅक हिल्स, म्हणजे हा डोंगर ज्यात आहे त्या टेकड्या, त्यांच्याच म्हणून लिहून दिल्या, १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये काढून घेतल्या. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई मान्य केली, १० कोटी डॉलरच्या वर, ती त्यांनी आजवर घेतलेली नाही, व्याजासकट अब्जाच्या पुढे गेलीय.

"घेतलेच नाहीत??" हा मुद्दा त्यांना सुरुंगापेक्षा भारी वाटला. "मग त्यांना काय पाहिजे?" असं एकाने विचारलं, तर नाक तुटलेला साबणवाला मान वरही न करता म्हणाला, "डोंगर."

मग चुरा झाडण्यात दहा मिनिटं गेली. न्यायला आलेल्या एका बाबांनी गाडी नेमकी आमच्या नाकावर लावली होती, त्यावरून बरीच आरडाओरड झाली.