जुन्या पत्रिकेतला 'मुंबई टाइम'

"आजोबांच्या पत्रिकेत जन्मवेळेपुढे 'मुंबई टाइम' लिहिलंय. आजच्या घड्याळाप्रमाणे किती वाजले होते?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा नीटच लिहून ठेवावं. तुम्ही विचारलंत म्हणून आधी सरळ उत्तर: 'मुंबई टाइम' म्हणजे मुंबईच्या सूर्यावरून ठरलेली जुनी स्थानिक वेळ, तिच्यात ३९ मिनिटं मिळवा. पण पत्रिका १९०६ ते १९५५ या काळातली असेल तर एवढ्यावर थांबू नका.

हे ३९ येतात कुठून? पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. आपली प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई ७२ अंश ४९ कलांवर (एक अंश म्हणजे ६० कला). मधल्या ९ अंश ४१ कलांना चाराने गुणलं की पावणेएकोणचाळीस मिनिटं होतात, ती ३९ धरायची. पुण्याला हाच फरक साडेचौतीस मिनिटांचा, कोल्हापूरला ३३, नागपूरला पावणेचौदा आणि गडचिरोलीला दहाचा. नागपूरच्या जन्माला ३९ मिनिटं लावून केलेली पत्रिका पाहिली की खरंच वाईट वाटतं, कारण पंचवीस मिनिटांच्या चुकीने लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, सहज बदलू शकते.

मुंबईत एकाच वेळी दोन घड्याळं चालत, हा सगळ्या घोळाचा उगम. आगगाड्या आणि तारखातं मद्रास वेधशाळेच्या वेळेवर चालू लागलं. मद्रास टाइम मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास टाइम लावला. लोकांनी तो मानला नाही, विद्यापीठाने राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबई टाइमवरच ठेवलं आणि १८८३ मध्ये सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून देशभर प्रमाण वेळ आली, तेव्हाही शहर अडून बसलं. सूर्य डोक्यावर येतो त्या वेळेला बारा म्हणायचं, ही काही हट्टाची मागणी नव्हती. गिरणीत पहाटे जाणाऱ्या माणसाला घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकवणं म्हणजे तेवढं जास्त अंधारात उठणं होतं. महापालिकेने मुंबई टाइम सोडला नाही, आणि शहरातून तो पुरता जायला १९५५ उजाडलं.

त्यामुळे या पन्नास वर्षांतल्या पत्रिकेत नुसतं 'सकाळी ७.३६' लिहिलेलं असेल, तर ते कुठल्या घड्याळाचं हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी पत्रिकेतलाच इष्टकाल पाहा. सूर्योदयापासून जन्मापर्यंत गेलेल्या घटी-पळांना इष्टकाल म्हणतात. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. लग्नमुहूर्ताला पाण्यावर सोडतात ते तांब्याचं घटिकापात्र याच मापाचं: बुडाला बारीक भोक, पाणी आत चढत जातं आणि २४ मिनिटांनी वाटी तळाला जाते. त्याला ना मद्रास ठाऊक, ना मुंबई. म्हणून इष्टकालावर भरवसा ठेवता येतो.

समजा, जन्म मुंबईतला, जानेवारीच्या मध्याचा, इष्टकाल २ घटी ३० पळं. म्हणजे सूर्योदयानंतर बरोबर एक तास. त्या दिवसांत मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमारास उगवतो, तेव्हा जन्म सव्वाआठचा. पत्रिकेत ७.३६ असेल तर तो मुंबई टाइम, ८.१५ असेल तर प्रमाण वेळ. आणि ९.१५ असेल तर? आधी साल बघा. महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे केली होती. त्या काळातली प्रमाण वेळ असेल तर एक तास वजा करायचा. मात्र पत्रिका मांडणाऱ्याने तो आधीच वजा केलेला असू शकतो. असा तास दोनदा वजा झालेल्या पत्रिकाही येतात, म्हणून इष्टकालाशी ताळा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन-चार मिनिटांचा फरक सोडून द्या, सूर्योदयाच्या गणितात तेवढं इकडेतिकडे होतंच.

इष्टकाल लिहिलेलाच नसेल तर वेळ कुणी नोंदवली ते शोधा. तारेत किंवा रेल्वेच्या कागदावर आली असेल तर ती प्रमाण वेळ. घरच्या वहीत असेल तर दोन्ही शक्यता मांडून बघाव्या लागतात.

एक गोष्ट मिनिटांपेक्षा मोठी चूक करते, ती तारीख. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. मंगळवारी रात्री दीडला झालेला जन्म घरचे मंगळवारचाच म्हणत आणि तारीखही मंगळवारची लिहीत. कॅलेंडरवर तो बुधवार असतो. मध्यरात्र ते पहाट यांमधली वेळ दिसली की ३९ मिनिटं मिळवण्याआधी त्या वर्षीच्या पंचांगात वार, तिथी आणि तारीख तिन्ही जुळतात का, ते पाहून घ्या.