माझा अनुभव : पोट दाबून बघणारे डॉक्टर

धाकटा भाऊ सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे. माग दुरुस्त करताना पाय घसरला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर बेंबीच्या डाव्या अंगाला घुसला. घाबरून त्याने तो स्वतःच उपसला. हे करायचं नसतं, रुतलेली वस्तू आतल्या रक्ताला बूच लावून असते, हे आम्हाला नंतर कळलं. जखम बोटाच्या पेराएवढी, रक्तही बेताचंच. दोन टाके घालून घरी नेऊ, असंच सगळे म्हणत होते.

सिव्हिलमध्ये टाक्यांचं नावही निघालं नाही. आधी श्वास, नाडी, बीपी. मग कपडे कापून काढले आणि कुशीवर वळवून पाठ तपासली, दुसरी जखम नजरेतून सुटायला नको म्हणून. सलाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन, रक्तगट, एक्स-रे, सोनोग्राफी. पोलिसांची नोंद होत होती तरी उपचार थांबले नाहीत. आधी जीव, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय.

आणि मग डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ता नाही, चोवीस तास बघू.

मी चिडलो. आवाज चढवला, त्याचं आजही वाईट वाटतं. त्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. नाडी, बीपी ठीक आहे. आत रक्त साचलेलं दिसत नाही. पोटात घुसलेली प्रत्येक वस्तू आतडं फाडतेच असं नाही आणि विनाकारण पोट उघडणं हीसुद्धा इजाच. पण आतड्याचं बारीक भोक सोनोग्राफीत हुकू शकतं, म्हणून हाताने पुन्हा पुन्हा बघायचं.

दर तीन-चार तासांनी तेच डॉक्टर येत, पोट हलकेच दाबत, भावाच्या चेहऱ्याकडे बघत. आई शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून आली होती. "मावशी, पाण्याचा थेंबसुद्धा नको," ते म्हणाले. ती गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिली.

रात्री अडीचला त्यांनी हात ठेवला आणि लगेच काढला. पोट फळीसारखं कडक झालं होतं, नाडी एकशेवीसवर. अर्ध्या तासात तो थिएटरमध्ये होता.

लहान आतड्याला दोन भोकं निघाली, एक आत जातानाचं, एक बाहेर पडतानाचं. एक सापडलं की जोडीचं शोधतात म्हणे. पुढे सगळं आतडं, वीसेक फूट, इंच-इंच हातातून सरकवून पाहिलं. भोकं शिवली, पोट धुतलं, नळी ठेवली.

नंतरचे दिवस रोज सकाळी एकच प्रश्न : "वारा सरला का?" म्हणजे आतडं पुन्हा चालू झालं का. चौथ्या दिवशी भाऊ लाजत "हो" म्हणाला आणि आईने डोळ्यांना पदर लावला. आधी घोट-घोट पाणी, मग भाताची पेज. कडक भाकरी सव्वा महिन्याने मिळाली, तीही दुधात कुस्करून.