तुम्ही विचारलंत म्हणून: मला देशाची काळजी नाही का?

पोलीस सुधारणांबद्दल बोललो की हा प्रश्न येतोच. कोर्टाच्या आवारात, पंगतीत, सख्ख्या मेहुण्याकडूनसुद्धा. एकदाच नीट सांगतो.

काळजी आहे. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कायदा आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यातली, जामीन अवघड करणारी कडक दुरुस्ती संसदेने काही दिवसांत मंजूर केली, तेव्हा मी त्यांच्या बाजूने भांडलो होतो. एनआयए नको, असं आजही म्हणत नाही. पण पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, हा आदेश सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच दिला होता. त्या निकालाची पूर्ण अंमलबजावणी अजून रखडलेलीच आहे. जामीन अवघड करायची घाई, आणि तक्रार ऐकायला मात्र सवड नाही?

फेब्रुवारी २०१९ मध्ये सोलापूरच्या पूर्व भागात याच विषयावर आमची सभा ठरली होती. एका विडी कामगार बाईंच्या मुलाला चौकशीच्या नावाखाली नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं होतं. नोंद कुठेच नाही. त्या बोलणार होत्या. आदल्या दिवशी पुलवामा झालं. आमच्यातलेच म्हणाले, आत्ता पोलिसांविरुद्ध बोलणं बरं दिसणार नाही. मीही मान डोलावली. श्रद्धांजली वाहून थांबायचं ठरलं.

त्या बाई, आमच्या अक्का, मात्र आल्या होत्या, त्या दिवशीची मजुरी बुडवून. कॅरीबॅगमध्ये अर्जाच्या झेरॉक्स, नखांच्या कडांना तंबाखूचा पिवळेपणा. म्हणाल्या, "वकीलसाहेब, जवान गेले त्याचं मलाबी वाईट वाटतंय. पण माझ्या पोराला मारलं ते कुणाला सांगू?" मी पुढची तारीख दिली. मग बालाकोट, मग आचारसंहिता. सभा झालीच नाही.

त्या दिवशी कुणी ऐकलंच नसतं, असं तेव्हाचा मी अजूनही सांगतो. मी त्याला विचारतो, मग कोणत्या दिवशी ऐकलं असतं? तो गप्प बसत नाही, आणि त्याचं सगळंच खोटं आहे असंही नाही.

१९३० च्या मार्शल लॉमध्ये याच शहरात गांधी टोपीसुद्धा सुव्यवस्थेला धोका ठरली होती. तो परक्यांचा अंमल, आज सरकार आपलं, असं तुम्ही म्हणाल. मान्य. आपलं आहे म्हणूनच तर त्याच्याकडे मागतोय.

पुन्हा असा हल्ला झाला आणि सभा ठरलेली असली तर ती घ्यायची का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत, घ्यायची. आधी श्रद्धांजली, मग अक्कांचं भाषण.