दोन हात वर आणि मेकॅनिक एक

तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीतला एक टप्पा. एकाच उतारावर, मिनिटभराच्या आत दोघांच्या मागच्या चाकाची हवा गेली. एकाच्या अंगावर लीडरची जर्सी, म्हणजे एकूण वेळेत तो पहिला. दुसरा एकूण क्रमवारीत अकरावा, कोवळा पोरगा, टीमही लहान. मी न्यूट्रल सर्व्हिसच्या गाडीतला मेकॅनिक. मी आधी अकराव्याकडे धावलो. त्यावरून जे बोलायचं ते लोक बोलून मोकळे झाले, शर्यत संपली, पण माझ्या डोक्यातून तो टप्पा जात नाही.

न्यूट्रल सर्व्हिस म्हणजे कोणत्याही टीमची नसलेली गाडी. टीमची गाडी पोहोचू शकत नाही तिथे आम्ही चाक देतो, अगदीच वेळ आली तर सायकलही देतो. टीमच्या गाड्या असताना आमची गरज काय, असं बाहेरच्यांना वाटतं. गरज पडते ती बहुधा डोंगरात. घोळका फुटून तुकडे होतात आणि दोन तुकड्यांमधलं अंतर मिनिटभराच्या आत आलं की पंच मधल्या सगळ्या गाड्या काढायला लावतात, नाहीतर मागचे रायडर गाड्यांच्या आडोशाने पुढच्यांना गाठतील. याला आमच्यात बराज म्हणतात. बराज लागला की पुढच्या तुकडीमागे उरतात पंचांची गाडी आणि आम्ही. जर्सीवाल्याची कोट्यवधींची टीम तेव्हा दोन वळणं मागे अडकलेली असते आणि त्याचं नशीब माझ्या मांडीवरच्या चाकावर येऊन ठेपतं.

त्या दिवशी हेच झालं. शेवटून दुसरा घाट उतरताना पुढे वीसेक जणांची तुकडी होती, तिच्याही पुढे चार जणांचा ब्रेक, म्हणजे आधीच निसटून गेलेले रायडर. न्यूट्रलची मोटारसायकल ब्रेकबरोबर गेलेली. दुपारी सर येऊन गेली होती आणि डोंगरातली बारीक खडी व गारगोटीचे कपरे रस्त्यावर वाहून आले होते. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, पाणी धारेला वंगणासारखं काम करतं. त्यात वजन मागच्या चाकावर जास्त आणि पुढच्या चाकाने उडवलेला खडा नेमका मागच्याखाली उभा सापडतो. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे आत भरलेला द्रव, दोन-तीन मिलिमीटरचं भोक बुजवतं, गारगोटीने घेतलेला काप त्याच्या आवाक्याबाहेरचा. पावसाळी दिवशी मागची पंक्चर वाढतात ती यामुळे. टीव्हीवर त्यालाच सरसकट ‘दुर्दैव’ म्हणतात. ज्या टीमने पाऊस बघून टायरमधली हवा उतरवली होती आणि दाट बांधणीचा टायर लावला होता, तिच्या रायडरांना त्या दिवशी काही झालं नाही. म्हणजे नशिबाचा निम्मा भाग आदल्या रात्री मेकॅनिकच्या ट्रकमध्ये ठरतो. उरलेला निम्मा मात्र खरोखर नशीबच. जर्सीवाला आणि तो पोरगा दोघांचेही टायर व्यवस्थित होते, नंतर मी स्वतः हात फिरवून पाहिले.

उतार संपला, दरीतला सपाट रस्ता लागला. शेवटचा चढ तिथून अकरा किलोमीटरवर. अंतिम रेषा त्या चढावरच, त्यामुळे शेवटच्या तीन किलोमीटरमधल्या अपघाताला वेळेची माफी मिळते तो नियमही इथे कामाचा नव्हता. तुकडीच्या शेपटाला असलेल्या पोराने हात वर केला आणि रस्त्याची उजवी बाजू धरली. ड्रायव्हरने ब्रेक लावेपर्यंत चाळीसेक मीटर पुढे जर्सीवाल्याचाही हात वर गेला.

आमची रीत सरळ आहे. ज्याचा हात आधी आणि जो आधी वाटेत येतो, त्याला चाक. क्रमवारी बघायची नाही. न्यूट्रल या नावाला दुसरा काही अर्थ नाही.

आता चाक बदलण्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी बोंबाबोंब त्या सेकंदांवरून झाली. ब्रेक चाकाच्या कडेला लागायचे त्या रिम ब्रेकच्या काळात क्विक रिलीजची खिट्टी उघडली, चाक काढलं, दुसरं घातलं, दहा-बारा सेकंदांत माणूस मार्गी. डिस्क ब्रेक आले आणि 12 मिलिमीटरचा थ्रू-एक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा दांडा, आला. तो आटे सोडवत अख्खा बाहेर काढावा लागतो. आम्ही बॅटरीवरच्या ड्रिलला 6 मिलिमीटरचा षटकोनी बिट लावून ठेवतो, काही एक्सलना 5 चा लागतो. एक्सल त्या फ्रेमचाच परत वापरायचा, कारण आट्यांचं माप कंपनीगणिक वेगळं. तो जमिनीवर टेकवायचा नाही, आट्यात वाळू गेली की अडकलाच. डाव्या हाताने डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) मागे ओढून चेन सैल करायची, चाक खाली सोडायचं, नवीन चाकाची सगळ्यात छोटी दातेरी चकती चेनखाली आणि त्याच वेळी रोटर (ब्रेकची चकती) कॅलिपरच्या (तिला चिमटणाऱ्या जबड्याच्या) फटीत. ही फट इतकी चिंचोळी की चाक तिरकं गेलं तर रोटर पॅडला घासत राहतो. सगळं जुळून आलं तर वीस-पंचवीस सेकंद.

जुळून येणं हीच अडचण आहे. मागचा रोटर बहुतेकांचा 140 मिलिमीटरचा, पण काही जण 160 चा लावतात. 140 च्या कॅलिपरमध्ये 160 चा जात नाही, उलट केलं तर पॅड रोटरच्या कडेला जेमतेम लागतं. शिमानो कंपनीची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) 11 दात्यांपासून सुरू होते, स्राम कंपनीची 10 पासून, आणि स्रामची चेन दुसऱ्याच घडणीची. म्हणून मांडीवर एक चाक घेऊन भागत नाही, रंगाच्या पट्ट्या लावून दोन-तीन जोड जवळ ठेवावे लागतात. आणि काही टीमचे मेकॅनिक एक्सल असा आवळतात की जणू तो पुन्हा कधी काढायचाच नाही! त्यावर किती टॉर्क द्यायचा, म्हणजे किती जोराने आवळायचं, ते छापलेलं असतं, टॉर्क रेंच प्रत्येक ट्रकमध्ये असतो. तरीही दर शर्यतीत एखादा सापडतोच, आणि त्याची किंमत मोजतो बिचारा रायडर.

त्या पोराने जे केलं ते शिकाऊ रायडरांना दाखवावं असं होतं. थांबण्याआधीच त्याने चेन सगळ्यात छोट्या चकतीवर आणली होती. उतरून सायकलच्या डाव्या बाजूला उभा राहिला, सीट धरून मागची बाजू उचलली, ब्रेकच्या लिव्हरला बोट लावलं नाही. चाक बाहेर असताना लिव्हर दाबला तर पिस्टन आत येतात, पॅड मिटतात आणि रोटर जायला जागाच उरत नाही. तो ओरडला नाही, पुढे बघत बसला नाही, माझ्या हाताकडे बघत होता. बाविसाव्या सेकंदाला मी त्याला ढकललं. त्या लहान टीममध्ये कुणीतरी त्याला हे घटवून घेतलंय. मोठ्या टीममध्ये याची सवय राहत नाही, तिथे सगळं हातात येतं.

मी ड्रिल आणि दुसरं चाक घेऊन पुढे पळालो तोवर जर्सीवाल्याने त्याच्याच उंचीच्या सहकाऱ्याची सायकल घेतली होती आणि तो निघालाही होता. मागे उरला सहकारी आणि ती पंक्चर सायकल. चेन कॅसेटच्या मध्यावर अडकलेली, रोटर 160 चा. मी चाक काढतोय तोच सहकाऱ्याने हँडल सावरताना लिव्हर दाबला. प्लॅस्टिकची पाचर घालून पॅड उघडले तेव्हा कुठे चाक बसलं. पन्नास सेकंदांच्या आसपास गेले. मी आधी जर्सीवाल्याकडे गेलो असतो तर ती मध्यावर अडकलेली चेन आणि तो 160 चा रोटर माझ्याच हाती आला असता. सहकाऱ्याच्या सायकलवर तो त्याहून लवकर सुटला, हे कुणी हिशेबात घेतलं नाही.

पुढे तुकडीत काय चाललं होतं ते रेडिओवर तुकड्या-तुकड्याने कळत होतं. दुसऱ्या क्रमांकाच्या रायडरने पेडल मारणं थांबवलं, सरळ बसला, तळहात खाली करून इतरांना खुणावलं. तिसऱ्या क्रमांकाची टीम उतारापासूनच जोर लावत होती. ती आणखी मिनिटभर ओढत राहिली आणि मग गुपचूप मागे सरली. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांचा हल्ला पंक्चरच्या आधीच सुरू झाला होता, आणि सुरू असलेली शर्यत थांबवायची की नाही याला लेखी नियम नाही. शेवटी सगळं अवलंबून असतं ते ज्याचा सर्वांत जास्त फायदा होणार आहे त्याच्यावर. त्याने पाय सोडले की बाकीचे सोडतात.

नियम नसल्यामुळेच एकाच शर्यतीत दोन न्याय दिसतात. 2017 च्या जिरोत, म्हणजे इटलीतल्या मोठ्या शर्यतीत, पंधराव्या टप्प्यात किंताना उतारावर पडला, तेव्हा गुलाबी (तिथल्या लीडरच्या) जर्सीतल्या ड्युमुलॅंने घोळक्याचा वेग उतरवला. पुढच्याच टप्प्यात उंब्राइल घाटाच्या पायथ्याशी पोट बिघडून खुद्द ड्युमुलॅंला रस्त्याकडेला थांबावं लागलं. पुढचे फार काळ रेंगाळले नाहीत आणि त्याची दोन मिनिटांहून जास्त वेळ गेली. तरी तो जिरो 31 सेकंदांनी जिंकला म्हणून बरं. 2010 च्या टूर द फ्रान्समध्ये पोर द बालेसच्या चढावर अँडी श्लेकची चेन उतरली, कोंतादोर पुढे निघून गेला आणि त्या दिवशी 39 सेकंद मिळवले. शर्यत पॅरिसला संपली तेव्हा दोघांमधलं अंतर तेवढंच, 39 सेकंद. पुढे 2012 मध्ये कोंतादोरचं जेतेपद काढून श्लेकला दिलं गेलं ते उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात, चेनचा त्याच्याशी संबंध नाही. मेकॅनिक म्हणून मला पंक्चर आणि उतरलेली चेन एका पारड्यात टाकता येत नाहीत. पूर्ण जोर लावलेला असताना पुढची चकती बदलली की चेन उतरू शकते, हे प्रत्येक रायडरला माहीत असतं. कपरा कुणाच्या टायरखाली येईल ते कुणालाच माहीत नसतं.

आणि जिथे नियम लेखी आहे तिथे तो उलटा चालतो. 2015 च्या जिरोत दहाव्या टप्प्यात फोर्लीजवळ रिची पोर्टचं चाक पंक्चर झालं. दुसऱ्या टीमच्या सायमन क्लार्कने, आपल्याच देशातला म्हणून, स्वतःचं चाक काढून दिलं. दोघांनाही दोन-दोन मिनिटांची शिक्षा आणि 200 स्विस फ्रँकचा दंड झाला. दुसऱ्या टीमच्या रायडरला चाक देणं नियमात बसत नाही. नियमामागचं कारण मला पटतं, नाहीतर टीम आपसात सौदे करतील. पण प्रतिस्पर्ध्यासाठी वेग कमी करून दिलेलं दीड मिनिट चालतं आणि हाताने दिलेलं चाक चालत नाही, हे कुणी मला नीट समजावून सांगितलेलं नाही.

तर त्या दिवशी तुकडी थांबली ती जर्सीसाठी. पोरगा तिच्याच कृपेने परत आला. जर्सीवाल्याचे दोन सहकारी त्याला ओढत होते, पोरगा त्यांच्या चाकामागे चिकटला आणि चढाच्या अलीकडे सगळे तुकडीत मिसळले. तेवढ्यात पुढच्या ब्रेकला मिनिटाहून जास्त वाढीव आघाडी मिळाली होती आणि त्यातला एक जण काही सेकंदांनी टप्पा जिंकला. त्याने सायकल उत्तम चालवली यात शंका नाही. पण तुकडी थांबली नसती तर तो रेषेआधी गाठला गेला असता, असं मला वाटतं. थांबण्याचा खर्च कुणाच्या ना कुणाच्या खात्यावर पडतोच. तुकडीतले तीन-चार जण टप्प्यासाठीच चालवत होते, त्यांना कुणी विचारलं नाही.

शेवटी जर्सीच्या टीमचे डायरेक्टर आमच्या गाडीपाशी आले. “जर्सी दिसत नव्हती का तुला?” मी म्हणालो, दिसत होती, हातही दिसत होता, पण आधीचा हात दुसऱ्याचा होता. ते आणखी बरंच बोलले. पंचांनी माझ्याकडून क्रम विचारून घेतला आणि योग्य केलंस म्हणाले. डायरेक्टरांचा राग मी समजू शकतो. तीन आठवड्यांचं काम त्यांना एका उतारावर जाताना दिसलं असेल. समालोचकांचं मात्र समजत नाही. पूर्ण प्रक्षेपणात कॅमेऱ्याची मोटारसायकल जर्सीवर होती. पोरगा दिसतो तो चौकटीच्या कडेला, पाठमोरा, दोन सेकंद. ‘न्यूट्रल गाडी कुठे आहे?’ असं विचारताना ती गाडी त्याच चौकटीत उभी होती.

मला सुटत नाही ते हे. दहा मिनिटं आधी किंवा नंतर एकट्या पोराचंच चाक गेलं असतं, तर पुढे कुणी मान वळवली नसती. बावीस सेकंदांत चाक मिळूनही, सपाटीवर एकट्याने वीस जणांच्या वेगाला गाठणं त्याला जमलं नसतं. दीड-दोन मिनिटं गेली असती आणि अकराव्याचा सोळावा-सतरावा झाला असता. घोळक्यात चाळिसाव्या, साठाव्या, शंभराव्या क्रमांकाच्या रायडरांच्या बाबतीत हे रोज होतं. परवा एकाचा डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर लटकतो तो तुकडा, वाकलेला. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकू नकोस, डिरेलर आऱ्यांत जाईल, एवढं सांगून त्याला सोडून देण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. त्याच्यासाठी कोण थांबणार? प्रत्येकासाठी थांबलं तर शर्यत होणार नाही, हेही मला कळतं. पण मग खिलाडूवृत्ती म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो मान रायडरचा की जर्सीचा?

दुसऱ्या क्रमांकाच्या त्या रायडरला दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर गाठलं आणि विचारलं, मागे कोण कोण होतं हे तुला कळलं होतं का. तो म्हणाला, रेडिओवर फक्त जर्सीचा नंबर आला. पोराचा नंबर पंचांच्या गाडीने सांगितला होता, मी कानाने ऐकला होता, पण या दुसऱ्या क्रमांकाच्या रायडरला त्याच्या टीमने तो पुढे कळवला नाही. कळवला असता तर? “थांबलो तर दोघांसाठीही थांबलो असतो,” तो म्हणाला. एकट्यासाठी थांबला असतास का, हे विचारायच्या आत त्याला पुढे बोलावलं गेलं.

आम्ही गाडीत एक बदल केला. 160 च्या रोटरचं मागचं चाक आता छतावर न ठेवता आतच, माझ्या पायाशी ठेवतो, आणि पाचर ड्रिलच्या मुठीला दोरीने बांधली आहे. क्रम तोच ठेवलाय.