आमची वाटचाल: बिन-कार्डाचा शेवटचा रकाना

भोसरीत एका कारखान्याच्या स्टोअरला लागलो त्या दिवशी माझ्या हातात दोन वस्तू दिल्या: एक बॉलपेन आणि सुतळीने बांधलेला बिन-कार्डांचा गठ्ठा (बिन म्हणजे रॅकमधला कप्पा, कप्प्यागणिक एक कार्ड). कार्डावर आवक, जावक, शिल्लक असे छापील रकाने. त्यांच्या उजवीकडे एक रकाना कोरा, त्याला मथळाच नव्हता. स्टोअरचे मामा (वयाने सगळ्यात मोठे, म्हणून अख्ख्या शॉपचे मामा) म्हणाले, "आला-गेला कुणीपण लिहील. का आला, का गेला, ते इथं लिही." त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. 'पा' म्हणजे पार्टीकडून, 'ला' म्हणजे लाइनला, 'लाप' म्हणजे लाइनवरून परत, 'प्ले' म्हणजे प्लेटिंगला बाहेर, 'भं' म्हणजे भंगार. मार्च एंडला स्टॉक जुळला नाही की मामा शिल्लक बघायचेच नाहीत, आधी त्या कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवायचे.

पुढे कंपनीने सॅप घेतलं, म्हणजे खरेदी, स्टोअर, अकाउंट्स सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. स्टोअरमधला जरा बरा टाइप करणारा म्हणून मला 'की यूजर' केलं. कन्सल्टंटांनी प्रोजेक्टरवर एक यादी दाखवली. १०१ ऑर्डरवरची आवक, १०२ तिची उलटी नोंद, १२२ सप्लायरला परत, २६१ उत्पादनाला दिलं, २६२ उत्पादनाकडून परत आलं, ५४१ जॉबवर्कला (आपला माल बाहेरच्याकडे कामाला), ५५१ भंगार. याला म्हणे मूव्हमेंट टाइप. मामा शेजारी बसले होते. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि माझ्या कानात म्हणाले, "हे तर आपलंच रे. नुसते नंबर घातलेत."

आमच्या धंद्याचं बी तिथं पडलं, असं आज म्हणता येईल. तेव्हा मला फक्त ओव्हरटाइम दिसत होता.

२०११ मध्ये मी आणि आयटीत असलेला माझा एक सहकारी, दोघांनी नोकरी सोडली. मोशीत टायरच्या दुकानावरची एक खोली, दोन लॅपटॉप, एक इन्व्हर्टर. नवं सॉफ्टवेअर बसवायचं काम आमच्यासारख्यांना कोण देणार? आम्हाला मिळायची ती मागची निस्तरायची कामं. गो-लाइव्ह झालेलं, म्हणजे सिस्टिम चालू झालेली, मोठे कन्सल्टंट बिल घेऊन गेलेले आणि स्टॉक जुळेना. अशा वेळी कुणीतरी कुणालातरी सांगायचं, "दोघं आहेत बघ मोशीत, स्टोअरमध्येच येऊन बसतात." आमची जाहिरात एवढीच होती.

बसायचो आम्ही स्टोअरमध्येच, कारण कॉन्फरन्स रूममध्ये मूव्हमेंट टाइप कळत नाही. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो, बाकीच्यांनी पुढे जावं. सॅपच्या जुन्या वेअरहाउस मॉड्यूलमध्ये एकाच मालाची दोन खाती चालतात. एक 'किती'चं, ते अकाउंट्सला लागतं. दुसरं 'कुठे'चं, ते फोर्कलिफ्टवाल्याला लागतं. गेटवर १०१ टाकला की 'किती' लगेच वाढतं, पण माल अजून रॅकमध्ये गेलेला नसतो. तो ९०२ नावाच्या जागेत धरला जातो. ही उंबरठ्याची जागा. तिथल्या बिनचं नाव म्हणजे चक्क त्या खरेदीच्या ऑर्डरचा नंबर. मग ट्रान्सफर ऑर्डर (माल इथून उचलून तिथं ठेव, असा हुकूम) निघते, माणूस माल उचलून रॅकला लावतो, 'लावला' असं सिस्टिममध्ये पक्कं करतो आणि ९०२ रिकामं होतं. लाइनला माल देताना उलटं. २६१ टाकला की ९१४ मध्ये उणे आकडा दिसतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. ती उधारी असते: लाइनच्या नावावर ४० नग मांडले, रॅकमधून अजून निघायचेत. नग निघाले की उधारी फिटते.

कुठला नंबर टाकल्यावर माल कुठल्या उंबरठ्यावर जाईल, ट्रान्सफर ऑर्डर आपोआप निघेल की माणसाने काढायची, कुठल्या रॅकपासून जागा शोधायची, हे सगळं त्या मूव्हमेंट टाइपच्या मागे बांधलेलं असतं. कॉन्फिगरेशन म्हणतात ते हेच.

एक गंमत. सुरुवातीचा स्टॉक चढवताना ५६१ वापरतात आणि तो माल ९९८ मध्ये 'AUFNAHME' (औफनामे) नावाच्या बिनला बसतो. जर्मन शब्द आहे, अर्थ 'नोंदवून घेणे'. सॅप जर्मनीतलं, वॉलडॉर्फचं, त्यामुळे असे तुकडे आत राहून गेलेत. एका स्टोअरमध्ये पोरं त्याला 'ऑफनामा' म्हणायची आणि त्यांची पक्की समजूत होती की हा ऑफिसला द्यायचा नमुना आहे. दोन महिने त्याच्या प्रिंट काढून फाइलला लावत होती.

आता आमच्या चुकीचं सांगतो. चाकणच्या एका प्लांटला तक्रार होती की पॅकिंगचे खोके गेटच्या बाजूलाच उतरतात, तरी ट्रान्सफर ऑर्डर काढा, मग पुन्हा पक्की करा, हा दुहेरी ताप कशाला? रास्त होतं. आम्ही काय केलं, १०१ च्या मागे जाऊन ऑर्डर आपोआप निघावी आणि निघताक्षणी पक्की व्हावी असं करून टाकलं. खोक्यांचा प्रश्न सुटला. पार्टी खूश, आम्ही खूश.

पण १०१ काही फक्त खोक्यांचा नव्हता. गेटमधून येणारा प्रत्येक नग त्याच नंबराने येत होता. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला फोन. मी पोचलो तेव्हा पाऊस चालू होता. लाइन थांबलेली. सुपरवायझर स्क्रीनवर बोट ठेवून उभा: बेअरिंग, बारावी रांग, चौथा मजला, ६०० नग. फोर्कलिफ्टवाल्याने माझ्यासमोर काटे वर नेले. फळी कोरडी, तिच्यावर धुळीचा थर आणि त्यात जुन्या पॅलेटच्या तीन पट्ट्यांची खूण. माल नव्हताच. सिस्टिमच्या लेखी तो संध्याकाळीच रॅकला लागला होता, कारण 'लावला' म्हणायला आता माणूस लागतच नव्हता. शेवटी बेअरिंगचा पॅलेट सापडला डॉकवर, ताडपत्रीखाली, दुसऱ्या दोन पॅलेटांच्या मागे. रात्री दोन वाजता माथाडी नाहीत, म्हणून मी, भागीदार आणि सुपरवायझरने हॅन्ड ट्रॉलीने ओढून लाइनला नेला. त्या तीन दिवसांत आलेला सगळा माल मग एकेक करून शोधावा लागला. तीन रात्री. त्याचं बिल आम्ही लावलं नाही, लावायला तोंड नव्हतं.

उपाय साधा होता आणि तो आम्हाला आधीच सुचायला हवा होता. पक्कं करण्याची सक्ती जागेच्या प्रकारावरही लावता-काढता येते. खोक्यांच्या जागेपुरती ती काढायची, रॅकच्या जागेला ठेवायची, १०१ ला हातच लावायचा नाही. तेव्हापासून फर्ममध्ये नियम आहे: मूळ नंबर जसाच्या तसा ठेवायचा. वेगळं काही हवं असेल तर त्याची नक्कल करायची आणि तिला झेड किंवा ९ ने सुरू होणारा स्वतःचा नंबर द्यायचा. आणि नक्कल जोडीनेच. पुढची नोंद केली आणि तिची उलटी नोंद केली नाही, तर पहिली चूक दुरुस्त करायला गेल्यावर दारच नसतं.

जॉबवर्कने आम्हाला सगळ्यात जास्त काम दिलं. भोसरी-चाकणकडचा कुठलाही सुटा भाग एकदा तरी बाहेर जातो: प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग. जुनी माणसं त्या चलनाला अजून 'सत्तावन्न एफ फोर' म्हणतात, एक्साइजचा तो नियम कधीच गेला तरी. जीएसटीत कलम १४३ आहे: पाठवलेला कच्चा माल १ वर्षात आणि भांडवली माल ३ वर्षांत परत यायला हवा, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. त्यामुळे कुणाकडे किती पडलाय हे माहीत असणं हा थेट पैशाचा प्रश्न आहे. ५४१ टाकला की माल आपल्या रॅकमधून जातो, पण मालकी आपलीच राहते, त्या प्लेटिंगवाल्याच्या नावावर दिसत राहतो. तयार भाग १०१ ने परत आला की त्याच्यासोबत ५४३ आपोआप पडतो आणि त्याच्या नावावरचा कच्चा माल कमी होतो.

एका ठिकाणी स्टोअरवाला सगळं २०१ ने बाहेर काढत होता. २०१ म्हणजे खर्ची टाकलं, विषय संपला. का? तर तिथं ५४१ ला ऑर्डर नंबर सक्तीचा केलेला होता आणि रात्रपाळीला ऑर्डर करणारं कुणी नसतं. माणूस चुकीचा नव्हता हो, टेम्पो दारात उभा होता. वर्षाअखेर प्लेटिंगवाल्याकडे ढीगभर माल आणि पुस्तकात शून्य. आम्ही तिथं कुठलाही नवा नंबर केला नाही. खरेदीवाल्यांकडून महिन्याची ऑर्डर आधीच काढून घेतली, आणि कुठल्या लॉगिनला कुठले नंबर चालतील ते बांधून दिलं. स्टोअरच्या लॉगिनला २०१ बंद. पहिला आठवडा शिव्या खाल्ल्या.

आमचा स्वतःचा, ज्याचा मला खरा अभिमान आहे असा नंबर एकच: झेड ६२. लाइनवर एखादा नग खराब निघाला की ऑपरेटर तो स्टोअरला परत देतो. सिस्टिममध्ये त्याला २६२. पण २६२ ने आलेला माल पुन्हा चांगल्या रॅकमध्ये जातो, कारण उरलेला चांगला मालही त्याच नंबराने येतो. म्हणजे तडा गेलेला ब्रॅकेट सकाळी परत आला की दुपारी पुन्हा लाइनवर. मामांच्या 'लाप'मध्येही हीच खोट होती, फक्त मामा डोळ्याने बघून नग बाजूला टाकायचे, सिस्टिमला डोळे नाहीत. आम्ही २६२ ची नक्कल केली आणि तिला गोदामाच्या बाजूला वेगळी हालचाल जोडली, जी माल सरळ लाल जाळीत नेते. लाल जाळी म्हणजे कुलूप लावलेला रिजेक्शनचा पिंजरा, प्रत्येक कारखान्यात असतो. तिथं क्वालिटीचा माणूस येऊन बघतो. खराबच असेल तर ३४४ ने अडवून ठेवतो, बरा असेल तर रॅकला पाठवतो. वर्णनाच्या जागी इंग्रजीत काहीतरी भारदस्त लिहायचं सोडून मी रोमन अक्षरांत 'लाल जाळी'च टाकलं. ऑपरेटरला शिकवायला एक मिनिट लागलं.

बाकीची वाटचाल सगळ्यांसारखीच. दोनाचे नऊ झालो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये चार महिने एक रुपया आला नाही, खोलीचं भाडं भागीदाराच्या बायकोच्या पगारातून गेलं, हे लिहून ठेवायलाच हवं. वसुली हा कायमचा विषय. मोठ्या पार्ट्या ९० दिवस म्हणून १२० ला देतात. आयकराचं ४३ बी (एच) आल्यापासून सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच धरता येतो. तेव्हापासून मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः फोन करून "तुमचं काही राहिलंय का?" विचारतात. पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मला वाटलं कुणी थट्टा करतंय.

सध्या सगळा वेळ स्थलांतरात जातोय. सॅपच्या नव्या आवृत्तीत, एस फोर हानामध्ये, ते जुनं वेअरहाउस मॉड्यूल वापरायची मुभा २०२५ अखेरीस संपली. पुढचं ईडब्ल्यूएम, सॅपचंच नवं वेअरहाउस मॉड्यूल. तिथं गोदामाच्या बाजूच्या मूव्हमेंट टाइपच्या जागी 'वेअरहाउस प्रोसेस टाइप', चार आकडी: १०१० ने माल रॅकला लावायचा, २०१० ने काढायचा. नव्याकडे नेण्याआधी आम्ही जुने स्वतःचे नंबर पार्टीसमोर ठेवतो आणि एकेक विचारतो, हा कुणी वापरतं का? गेल्या महिन्यात एका ठिकाणी २३ निघाले. त्यातले १४ कुणी कधी केले तेच कुणाला आठवेना. ते खोडले.

यादी तपासायला यंदा लागलेली आमची नवी मुलगी होती. झेड ६२ पाशी थांबली. "सर, इथं वर्णनात काहीतरी टायपिंग मिस्टेक आहे. बदलू का?" मी तिला खाली शॉपवर नेलं आणि पिंजरा दाखवला. आत तेव्हा सात-आठ ब्रॅकेट पडले होते, प्रत्येकावर खडूची फुली. वर येऊन तिने नव्या प्रोसेस टाइपच्या वर्णनात तेच टाकलं, फक्त 'जाळी'त एक 'ए' वाढवला. म्हणाली, नाहीतर लोक 'जली' वाचतील.