शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला रविवारच्या शाळेपासून तोंडपाठ असतो. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि परका असूनही थांबलेल्या शोमरोन्याने जखमांवर ओतलेलं तेल आणि द्राक्षारस. लूकच्या दहाव्या अध्यायातलं त्यापुढचं वचन मात्र आपण भरभर वाचून जातो. शोमरोनी त्या रात्री उतारशाळेत थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले, याची काळजी घे म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असा शब्द दिला आणि पुढच्या वाटेला लागला. मत्तयातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी आहे. म्हणजे त्याने दोन दिवसांची मजुरी मोजली.

त्याने जखमीला वाऱ्यावर सोडलं नाही आणि सगळं एकट्याने करण्याचा हट्टही धरला नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं तेव्हा आपण नेमकं हेच विसरतो. सगळा भार एका सुनेवर, बायकोवर किंवा लेकीवर पडतो. चर्चची मंडळी तिचं कौतुक करते, तिच्यासाठी प्रार्थना करते आणि तिला त्या खोलीत एकटीला सोडून घरी जाते.

‘काही लागलं तर सांगा हं’ हे वाक्य आधी बंद करू या. मनापासून म्हटलेलं असलं तरी त्यात विचार करण्याचं, मागण्याचं आणि संकोच गिळण्याचं काम थकलेल्या माणसावरच येतं. ‘मंगळवारी चार ते सहा मी बसतो, तुम्ही बाहेर पडा’ असं म्हटलं की तिला फक्त हो म्हणायचं उरतं. मंडळीतले चार जण आठवड्यातून दोन-दोन तास बसले तर तिचे आठ तास मोकळे होतात. पाचवं नाव राखीव हवं, कारण कुणाला ताप येतो, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. पहिल्या पंधरवड्यात घर माणसांनी भरतं आणि पाचव्या आठवड्यात बेल वाजत नाही, असं बहुतेक ठिकाणी होतं. म्हणून सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात धावू नये. दोघांनी सुरुवात करावी, बाकीच्यांनी तिसऱ्या आठवड्यापासून जोडून घ्यावं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा बसून पाळ्या लावाव्यात.

बसायला येणाऱ्याने पहिल्या दिवशी अर्धा तास आधी यावं आणि ती कसं करते ते नुसतं पाहावं. भिंतीवर एक कागद चिकटवावा: कुठलं औषध किती वाजता, ते जेवणाआधी की नंतर, कूस शेवटची कधी बदलली, डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८. तोंड एकाएकी वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं तर नातेवाइकांना विचारत बसू नये. आधी १०८ लावावा.

कूस बदलणं शिकून घ्यावंच. स्वतःहून न हलणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. आधी काय करणार ते सांगावं, माणूस बोलत नसला तरी सांगावं. मग ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभं राहून त्यांचा पलीकडचा हात छातीवर आडवा घ्यावा, पलीकडचा गुडघा दुमडावा, एक हात खांद्यावर आणि एक कुल्ह्यावर ठेवून हळूच आपल्याकडे वळवावं. पाठीमागे उशी अशी लावावी की अंग पूर्ण कुशीवर न जाता थोडं तिरकं, साधारण ३० अंशांवर राहील. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये आणि एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा गादीला न टेकता अधांतरी राहतात. खाली दबलेला कान किंवा हात मोकळा केला का, लघवीची नळी पिळली नाही ना, एवढं शेवटी पाहावं.

वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढू नये. त्यात रुग्णाचा खांदा दुखावतो, कातडी घासते आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. खांद्यापासून मांडीपर्यंत पोचेल अशी घडी केलेली चादर अंगाखाली कायम ठेवावी. दोघांनी दोन बाजूंना धरून, गुडघ्यांत वाकून, एकाच वेळी उचलून सरकवावं.

माकडहाड, कुल्हे, टाचा, खांद्यामागची हाडं रोज पाहावीत. बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. सावळ्या कातडीवर ती लाली दिसतेच असं नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावं. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते. अशा जागी मालीश करू नये, आतल्या उती आणखी दुखावतात. मधे भोक असलेली गोल रबरी उशीही नको, तिच्या कडेवर दाब पडून रक्तपुरवठा उलट अडतो. त्या जागेवरचा भार काढावा आणि नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवावं.

भरवताना होईल तितकं ताठ बसवावं, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाला बऱ्याचदा पाण्यासारख्या पातळ पदार्थाचाच ठसका लागतो. दाटसर पेज किंवा मऊ खिचडी सोपी जाते. झोपेत असलेल्याला कधीच भरवू नये. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवावं.

नुसत्या भेटीला जाणाऱ्यांसाठी पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. प्रार्थना लहान असावी. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारावं. ‘देवाची इच्छा’, ‘देव आपल्या लेकरांचीच परीक्षा घेतो’ ही वाक्यं दाराबाहेर ठेवावीत. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं. आजाराचा तपशील मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रार्थनाविषय म्हणून टाकण्याआधी घरच्यांची परवानगी घ्यावी. डबा नेताना साखर आणि मीठ चालतं का ते विचारावं, आणि डबा परत करण्याची जबाबदारी आपणच घ्यावी.

आता सांभाळणाऱ्या माणसाबद्दल, कारण जीव तिच्यासाठी तुटतो. बसायला कुणी आलं की ती चहा करायला उठते, मग पाहुण्याशी बोलते, आणि दोन तास तसेच जातात. बसणाऱ्याने थर्मास घेऊन यावं आणि तिने घराबाहेर पडावं. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही उसंत नव्हती, तेव्हा येशूने त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या असं सांगितलं. त्या दिवशी लोक त्यांच्याही आधी त्या एकांताच्या जागी पोचले. विसाव्याची जागा हाकेच्या टप्प्यात असली की असंच होतं, म्हणून तिचा फोन दोन तास दुसऱ्या कुणाकडे असावा. बँक, रेशन, लाइटबिल यांत पाळ्या संपतात. आठवड्यातली एक तरी पाळी फक्त झोपेसाठी राखावी.

एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवाने त्याला बोल लावला नाही, बोधही केला नाही. दूताने त्याला स्पर्श केला. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. त्याला परत उठवून जेवू घातलं, आणि कारण सांगितलं ते एवढंच की वाट तुला झेपणार नाही. होरेब डोंगरापर्यंतच्या वाटेचे चाळीस दिवस त्यानंतरचे. आधी दोनदा जेवण आणि दोनदा झोप. हा क्रम महत्त्वाचा आहे. जी बाई आठवडाभर सलग चार तास झोपलेली नाही, तिला वचनं पाठवण्याआधी झोपू द्या.

लहानसहान गोष्टीवरून आवाज चढणं, विनाकारण रडू येणं, रुग्णाविषयी काहीच न वाटणं, स्वतःची बीपीची गोळी विसरणं: ही पापं समजून पश्चात्ताप करत बसू नका. थकवा हद्दीपलीकडे गेल्याच्या या खुणा आहेत. पाळकांना किंवा फादरांना सांगा, पण डॉक्टरांनाही सांगा. आपण नसलो तर बरं असा विचार येऊ लागला तर त्याच दिवशी.

पगारी मावशी ठेवली म्हणजे प्रेम कमी पडलं असं मानणारे अजून आहेत. दाखल्यातल्या उतारशाळेच्या मालकालाही पैसे मिळाले होते. मंडळीने आठवड्यातल्या दोन रात्रींच्या मावशीचा खर्च उचलला तर ती डब्यांच्या रांगेपेक्षा मोठी मदत ठरते. पाकीट शांतपणे द्यावं, चारचौघांत नाही. त्या मावशीला वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुट्टी मिळते का, हेही पाहावं. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर शेजारी तीही आहेच.

डॉक्टर सिसिली सॉन्डर्स या श्रद्धावान ख्रिस्ती बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, उघडलं. रुग्णाइतकीच त्याच्या घरच्यांचीही शुश्रूषा करायची, हे त्यांनी तिथे पायाशीच घातलं. १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. घरी पाळी लावणारे आपण त्याच कामाची छोटी बाजू उचलतो.

आणि माणूस गेल्यावर पाळ्या लगेच बंद करू नयेत. मातीच्या दिवशी घर भरलेलं असतं. तीन-चार आठवड्यांनी ते सुनं होतं, आणि ती मात्र सवयीने रात्री दोनला उठते, कूस बदलायला. ज्याचा मंगळवार चार ते सहा होता, त्याने पुढचे निदान सहा आठवडे मंगळवारी चारला बेल वाजवावी. आता करायला काम नसेल. तिला चप्पल घालायला सांगावं आणि कोपऱ्यापर्यंत चालून यावं.